मध कुठला, हे परागकण सांगतात

बचत गटांच्या प्रदर्शनात मधाच्या स्टॉलवर बसलेल्या बाईला एक प्रश्न हमखास येतो, "ताई, हा जांभळाचाच मध कशावरून?" आपण म्हणतो, आमच्या पेट्या जांभळाखालीच आहेत. गिऱ्हाईक मान हलवतं, बाटली खाली ठेवतं आणि पुढच्या स्टॉलवर जातं. त्याचंही चुकत नाही. लेबल काय, कोणीही छापून आणतं. म्हणून आज या प्रश्नाचं खरं उत्तर देणाऱ्या तपासणीबद्दल बोलू.

मधमाशी फुलात शिरते तेव्हा फुलातल्या पिवळ्या भुकटीचे, म्हणजे परागकणांचे, काही दाणे मकरंदात पडलेले असतात, काही तिच्या अंगाला लागतात. मकरंदाबरोबर ते पोळ्यात जातात आणि मधात राहतात. या कणाचं बाहेरचं कवच फार चिवट. मधात ते कुजत नाही की विरघळत नाही. आणि प्रत्येक वनस्पतीच्या कणाची घडण वेगळी. सूर्यफुलाचा कण काटेरी, गोल. भोपळ्याचा आपल्या केसाच्या जाडीहून मोठा. जांभळाचा अगदी बारीक आणि तिकोनी, केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. हिरड्याच्या कणावर सहा उभ्या खाचा दिसतात, त्यातल्या तीन खऱ्या आणि तीन नुसत्या दिसायच्या! जांभूळ, पेरू आणि निलगिरी मात्र एकाच कुळातली, त्यामुळे त्यांचे कण सख्ख्या बहिणींसारखे. ते ओळखायला अनुभवी नजर लागते.

प्रयोगशाळेत करतात ते तसं साधं आहे. दहा ग्रॅम मध वीस मिलीलिटर कोमट पाण्यात विरघळवायचा, सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवायचा, तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मग मोजणी. निदान तीनशे कण मोजतात आणि कोणत्या झाडाचे किती ते लिहितात. एकाच झाडाचे कण शंभरात पंचेचाळीस किंवा जास्त निघाले, तर तो मध मुख्यतः त्या फुलाचा, असा सर्वसाधारण जागतिक संकेत आहे. कमी असतील तर बहुफुली मध.

पण हा आकडा डोळे मिटून लावता येत नाही. काही फुलं मकरंद भरपूर देतात आणि पराग थोडा. संत्र्या-लिंबाच्या जातीचा मध असाच, त्यात स्वतःचे कण कमीच निघतात. निलगिरीचं उलटं, तिचे कण नको तितके भरतात. मक्याच्या तुऱ्यात मकरंद नसतोच, माशी तिथे फक्त परागासाठी जाते. म्हणून मधात मक्याचे कण दिसले तरी तो मक्याचा मध होत नाही.

आता गाव कसं कळतं? एका कणावरून नाही, सोबतीवरून. आपली सातेरी माशी पेटीपासून फार तर एक-दोन किलोमीटर फिरते, तेव्हा मधात येतं ते त्या शिवारातलंच. महाबळेश्वरकडच्या मधात जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी अशी सह्याद्रीची मंडळी एकत्र भेटतात. त्याच नावाच्या बाटलीत गाळ भरून मोहरीच निघाली, तर तो मध मोहरीच्या मुलखातून आलेला, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. कारवीचा मोठा बहर सात-आठ वर्षांनी येतो, आणि डोंगर बदलला की सालही बदलतं. त्यामुळे एकाच डोंगराचा कारवीचा मध दरवर्षी भरभरून विकणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा.

अमेरिकेत २०११ मध्ये टेक्सासमधल्या वॉन ब्रायंट या प्राध्यापकांनी दुकानांतल्या साठाहून जास्त बाटल्या तपासल्या. किराणा दुकानातल्या चारपैकी तीनपेक्षा जास्त बाटल्यांत परागकणच नव्हते! अतिबारीक गाळणीतून मध दाबून काढला की कण निघून जातात आणि मागचा माग पुसला जातो. अर्थात मध काचेसारखा दिसावा म्हणूनही कंपन्या असं गाळतात, तेव्हा कण नाहीत म्हणजे भेसळच असं नाही. आणि कण आहेत म्हणजे शुद्धच असंही नाही. चांगल्या मधात साखरेचा पाक मिसळला तरी कण राहतातच. पाक शोधायला रासायनिक तपासण्या वेगळ्या. पराग तपासणी सांगते ती फुलाची आणि मुलखाची गोष्ट. कागदावर थेंब टाकणं, काडी पेटवणं, कुत्र्याला चाटवून बघणं, यांतून मात्र दोन्ही कळत नाही. थंडीत मध थिजला म्हणून घाबरणंही सोडून द्या.

आपल्या हातात काय आहे? पहिलं म्हणजे पोळं पिळू नका. पोळ्याच्या काही घरांत माश्यांनी पिल्लांसाठी पराग ठासून भरलेला असतो. पिळलं की तो सगळा मधात येतो आणि मोजणी बिघडते. मधयंत्रात फिरवून काढलेला मध तपासणीला खरा उतरतो. सुती फडक्यातून गाळायला हरकत नाही, फडक्याची छिद्रं परागकणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. दुसरं, जांभळाचा बहर संपताच तो मध काढून वेगळा भरा. जुन्या डब्यात नवा मध ओतला की लेबल खोटं पडलंच म्हणून समजा, मग नियत कितीही साफ असो. आणि वहीत लिहा : पेटी कुठे होती, आसपास काय फुललं होतं, मध कधी काढला. पेटीजवळच्या दोन-चार फुलांचे कळे कागदात वाळवून ठेवले, तर तपासणाऱ्याला ताडून बघायला त्याच झाडाचे कण मिळतात.

पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय. नमुना कुठे, किती आणि कसा पाठवायचा, पराग तपासणीला खर्च किती, हे हंगामाआधीच विचारून घ्या. एकटीला परवडणार नाही, पण एकाच शिवारातल्या, एकाच बहराच्या मधाचा एक नमुना गटाने मिळून पाठवला तर खर्च वाटून जातो. अहवाल आला की त्याची प्रत स्टॉलवर लावा, आणि बाटलीवर तोच घाणा क्रमांक टाका जो वहीत आहे.