चार वेळा खाडी

डोंबिवली आणि ऐरोली दोन्ही ठाण्याच्या खाडीच्या एकाच काठाला आहेत. मी गेली तेरा वर्षं डोंबिवलीहून ऐरोलीला नोकरीला जाते आणि जाऊन-येऊन रोज ही खाडी चार वेळा ओलांडते. पहिली काही वर्षं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. गर्दीत बाहेरचं दिसतंच कुठे? एका पावसाळ्यात दाराजवळ उभं राहायला मिळालं आणि बघते तर काय, सकाळी वीस मिनिटांपूर्वी मागे टाकलेलं पाणी पुन्हा खाली!

ज्यांचा या बाजूशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. कल्याणहून येणारी गाडी डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत येते, खाडी ओलांडते आणि ठाण्यात शिरते. ऐरोली, रबाळे, घणसोलीला जायचं तर ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा आणि नऊ, दहा किंवा दहा-अ नंबरच्या फलाटावर वाशी-पनवेलची गाडी पकडायची. ती गाडी निघते, परत खाडी ओलांडते, कळव्याच्या अलीकडे वळण घेते आणि दिघ्याला जाते. कळवा सुटल्यावर डाव्या हाताला पाहिलं तर ते वळण दिसतं. म्हणजे आपल्याला जायचंय ती लाइन समोर दिसते, आणि गाडी आपल्याला घेऊन ठाण्याला निघालेली असते.

ठाण्याचा तो पूल हा स्वतंत्र विषय आहे. सकाळी साडेआठला तिथे चालायचं नसतं, चालवून घ्यायचं असतं. पर्स पोटाशी, डबा हातात, ओढणीला गाठ. आमच्या डब्यातल्या एक काकू नव्या मुलींना सांगायच्या, ‘पायऱ्या बघू नकोस, पुढचीच्या टाचा बघ.’ 2024 च्या मे-जूनमध्ये 63 तासांचा ब्लॉक घेऊन पाच-सहा नंबरचा फलाट रुंद केला, त्याने श्वास घ्यायला जागा झाली हे खरं. पण त्या गर्दीतल्या पुष्कळांना मुळात ठाण्याला उतरायचंच नसतं, त्याचं काय?

याचं उत्तर कागदावर आहे. 2016 च्या डिसेंबरात मुंबईच्या लोकलसाठीच्या ‘एमयूटीपी-3’ प्रकल्पाला मंजुरी मिळाली, त्यात कळवा-ऐरोली उन्नत मार्ग होता, सुमारे 476 कोटींचा. कल्याणकडून येणारी गाडी कळव्याहून वरच्या वर वळून थेट दिघा-ऐरोलीला जाणार. पूल नाही, फलाट बदलणं नाही, खाडीही नाही. त्यातलं दिघा गाव स्टेशन बांधून झालं आणि 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटनही झालं. ज्यासाठी सगळा खटाटोप, तो कळव्याचा जोड मात्र रखडला. मार्गात हजाराहून अधिक झोपड्या आहेत. त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे, डब्यात काढतातही. मला तो पटत नाही. ती माणसं कुठे जाणार हे मार्ग आखतानाच ठरवायला हवं होतं. नोटिसा लावायच्या वेळी नव्हे.

खरं दुखणं जुनं आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला गेली. त्या मार्गाची रचना एकाच हिशेबाने झाली: माणूस मुंबईला जाणार आणि मुंबईहून परतणार. तेव्हा ते बरोबरच होतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने जाऊन तिथे काचेच्या इमारती आल्या, 2004 मध्ये ठाणे-वाशी लाइन सुरू झाली, तरी विचार तोच. आडवं जाणाऱ्या माणसाला आधी उभं जायला लावायचं.

मेट्रोकडे बघितलं तरी हेच. ठाण्याहून कल्याणला येणारी मेट्रो-5, जिचं भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 ला कल्याणला झालं, ती भिवंडीवरून येते. भिवंडीला लोकल नाही म्हणून ते योग्यच, माझी तक्रार नाही. कल्याण-तळोजा मेट्रो-12 जाते शिळ रस्त्याने, मानपाडा, निळज्याकडून. दोन्ही डोंबिवली स्टेशनला लांबूनच नमस्कार करतात. तिथवर पोचायला रिक्षाची रांग लावायची, म्हणजे आज जी लोकलसाठी लावतो तीच.

आणि गाड्या वाढवा म्हटलं तर? ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. मेल-एक्स्प्रेस पारसिकच्या जुन्या बोगद्यातून आणि फास्ट लोकल मुंब्र्याकडून, अशी फारकत झाली. 36 नव्या फेऱ्या मिळाल्या, त्यातल्या 34 एसी. मे महिन्यात एसीचं साधं तिकीट निम्म्यावर आलं, पास तसाच राहिला, आणि इथे रोज तिकीट काढून कोण जातं? त्या ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोक एसी गाड्यांविरुद्ध आंदोलनाला उतरले ते उगाच नव्हे. पुढे 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून माणसं पडली. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा झाली. दार बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्यांनी पुढची गाडी पकडायची, ती किती मिनिटांनी येईल याची चर्चा तेवढी झाली नाही.

माझा एक सहकारी मानपाड्याहून बसने यायचा, शिळफाटा-महापे मार्गे. चार महिन्यांत परत लोकलवर आला. म्हणाला, ‘मॅडम, तिथे खाडी एकदाही लागत नाही, पण शिळफाट्याची कोंडी दोनदा लागते.’

दिघा गाव स्टेशनवर आता गाडी थांबते. संध्याकाळी तिथून निघाल्यावर उजवीकडे कळव्याची घरं दिसायला लागतात, कपडे वाळत घातलेले, अगदी रुळाला लागून. दोन मिनिटांत पाणी येतं. मी तिसऱ्यांदा खाडी ओलांडते, ठाण्याला उतरते आणि चौथ्यांदा ओलांडायला पुलाच्या पायऱ्या चढू लागते.