ध्रुवाकडच्या गावात गुरुजींचा पहिला हिवाळा

डिसेंबरात गडमुडशिंगीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहा वाजून गेले की मावळतो. अशा दिवसांत भूगोलाच्या तासाला ‘ध्रुवाजवळ सहा महिने रात्र असते’ हे वाक्य आले की वर्गातून हमखास एक प्रश्न येतो: मग तिथली शाळा कधी भरते?

प्रश्न बिनतोड आहे. सहा महिने सूर्य दिसत नाही तो ठीक ध्रुवाच्या बिंदूवर, आणि उत्तर ध्रुवावर गाव नाही, गोठलेला समुद्र आहे. माणसांची वस्ती त्याच्या बरीच अलीकडे आहे. तिथला हिवाळा कसा असतो हे समजायला आधी एक मोसंबे घ्यावे. त्यातून विणायची सुई आरपार घालावी. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावून सुई उभ्या रेषेपासून साडेतेवीस अंश अशी कलती धरावी की वरचे टोक दिव्यापासून दूर जाईल. विषुववृत्तापासून थोडे वर, १६.७ अंशांवर एक टाचणी टोचा, ती गडमुडशिंगी. दुसरी वरच्या टोकाजवळ, ७१ अंशांवर. आता मोसंबे सावकाश फिरवा. पहिली टाचणी उजेडात येते, अंधारात जाते. दुसरी पूर्ण फेरीत अंधारातच राहते. एवढे मुलांनी स्वतः पाहिले की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे आकड्यांचे. आपल्या गावी सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तास सात मिनिटांचा आणि सर्वांत मोठा तेरा तास सात मिनिटांचा. सहा महिन्यांत फरक दोन तासांचा, म्हणजे एका दिवसात तो मिनिटाच्याही पुढे जात नाही. अलास्कातल्या उत्कियाग्विक (पूर्वीचे बॅरो) या ७१ अंशांवरच्या गावी मात्र सप्टेंबरात दिवस रोज नऊ-दहा मिनिटांनी लहान होतो, आणि पुढे याहून वेगाने. १८ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य मावळतो तो २३ जानेवारीच्या आसपास उगवतो. पासष्ट दिवस! तरी तेव्हा काळाकुट्ट अंधार नसतो. २२ डिसेंबरलाही भर दुपारी सूर्य क्षितिजाखाली पाचएक अंशच असतो, त्यामुळे सुमारे तीन तास निळसर संधिप्रकाश मिळतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. तिकडे तो क्षितिजाला घासत तिरका जातो. लोकमान्य टिळकांच्या १९०३ सालच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज्’ या इंग्रजी ग्रंथाचा पायाच ध्रुवाकडची ही लांबलेली पहाट हा होता. आर्यांच्या मूलस्थानाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष आज अभ्यासक मान्य करीत नाहीत, पण त्या पहाटेचे खगोलगणित खरे आहे.

आता शाळेकडे वळू. अशा गावात पहिला हिवाळा काढलेल्या एका शिक्षक कुटुंबाची हकिगत नीट नोंदली गेली आहे. बेरिंग सामुद्रधुनीच्या काठी अलास्काच्या मुख्य भूमीच्या अगदी पश्चिम टोकाला वेल्स नावाचे इनुपियात लोकांचे गाव आहे. टॉम लॉप हे तिथे १८९० मध्ये हॅरिसन थॉर्नटन यांच्याबरोबर शाळा काढायला गेले. १८९२ च्या उन्हाळ्यात एलन किट्रिज शिक्षिका म्हणून आल्या, त्याच उन्हाळ्यात दोघांचे लग्न झाले, आणि संसाराचा पहिला हिवाळा त्यांनी तिथेच काढला. एलनबाईंनी घरी धाडलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली आहेत.

वेल्स उत्तर ध्रुववृत्ताच्या शंभरएक किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणून तिथे सूर्य रोज उगवतो. पण २२ डिसेंबरला तो तीन तासच वर असतो आणि भर दुपारी क्षितिजापासून फक्त एक अंशावर. हात लांब करून करंगळी आडवी धरावी, तिच्या जाडीइतकी ती उंची. त्याच दिवशी गडमुडशिंगीला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य पन्नास अंशांवर असतो. (आपली खरी दुपार बारा वाजता होत नाही, कारण घड्याळ ८२.५ रेखांशाचे आणि आपण ७४.३ वर.) एक अंशावरून येणारा झोत पन्नास अंशांवरच्या झोताच्या चाळीसपटीहून जास्त जमिनीवर पसरतो, शिवाय वाटेत हवेचा जाड थर. असे ऊन डोळ्याला दिसते, अंगाला लागत नाही.

मग ऊब आणायची कुठून? शाळेची इमारत जहाजातून आणलेल्या फळ्यांची होती. गावकऱ्यांची घरे मात्र निम्मी जमिनीत, वाहून आलेली लाकडे आणि व्हेलची हाडे यांच्या सांगाड्यावर मातीची ढेपळे रचलेली. आत जायला बोगदा, आणि तो घराच्या जमिनीपेक्षा खाली. गार हवा जड, ती बोगद्यातच तळाला साचते. ऊबदार हवा हलकी, ती वर खोलीत राहते. एका दिव्यावर घर गरम राही. फ्रीजचे दार उघडल्यावर गारवा आधी पायांना लागतो, हेच तत्त्व. आजच्या घरांत बोगदा नाही, पण दोन दारांमधली बंद पडवी त्याचेच काम करते. अनेक घरे खांबांवर उचललेली असतात ती वेगळ्या कारणाने: खालची जमीन बारमाही गोठलेली असते, घराची ऊब तिला लागली तर आतले बर्फ वितळून घर खचते.

कपड्यांचेही तसेच. कॅरिबू हरणाचे केस आतून पोकळ असतात, त्यांत हवा अडकून राहते, आणि स्थिर हवा उष्णता सहज वाहू देत नाही. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला येणाऱ्या धनगराच्या खांद्यावरची घोंगडी याच हवेच्या जोरावर उबदार असते.

जेवणाचा प्रश्न याहून अवघड होता. जहाज वर्षातून एकदा, उन्हाळ्यात येई. वर्षाचे पीठ, साखर, डबे तेव्हाच भरून ठेवायचे. त्या काळात ध्रुवाकडे गेलेले अनेक परके लोक डब्यातल्या आणि खारवलेल्या अन्नावर राहून स्कर्व्हीने आजारी पडत, कारण ‘क’ जीवनसत्त्व त्यात जवळजवळ उरतच नसे. शेजारच्या इनुपियात घरात, एकही लिंबू न पाहता, हा रोग दिसत नसे. व्हेलची कच्ची कातडी आणि ताजे मांस यांतून ते जीवनसत्त्व मिळते. ‘ड’ जीवनसत्त्व आपले शरीर उन्हात तयार करते. तिकडे ते मासे आणि सीलचे तेल यांतून येते. थोडक्यात, शेजाऱ्याच्या ताटातले खायला जो नवखा शिकला तो तगला.

झोपेचा घोटाळा मात्र स्थानिक आणि परके दोघांनाही होतो. आपल्या मेंदूतले घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते, बहुतेकांचे थोडे जास्त असते. सकाळचा उजेड ते रोज लावून देतो. उजेड नसला की रोज काही मिनिटांनी ते मागे पडत जाते आणि मुले वर्गात पेंगतात. आज तिकडच्या शिक्षकांना प्रखर दिव्यासमोर सकाळची वेळ घालवायचा सल्ला देतात. जेवणाच्या आणि झोपेच्या ठरलेल्या वेळा, शाळेची घंटा, यांनीही घड्याळ ताळ्यावर राहते.

आणि हेच त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. वेल्सची शाळा भरत असे ती मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळ्यात कुटुंबे शिकारीला आणि व्यापाराला पांगत. काळोखाच्या महिन्यांत ती गावात असत आणि मुलांबरोबर मोठी माणसेही शाळेत येत. आपल्याकडे ऊस तोडायला आलेल्या कुटुंबांसाठी साखरशाळा गळिताच्या हंगामात भरतात, तसेच काहीसे. लॉप गावाची भाषा शिकले. १८९३ पासून त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने ‘एस्किमो बुलेटिन’ नावाचे पत्र छापले. जहाजच वर्षातून एकदा म्हणून अंकही वर्षातून एकच! सगळे सुरळीत झाले असे मात्र नव्हे. ऑगस्ट १८९३ मध्ये गावातल्या काही तरुणांनी थॉर्नटन यांचा खून केला. लॉप पती-पत्नी तेव्हा बाहेरगावी होते. ती दोघे १८९४ मध्ये परत आली आणि १९०२ पर्यंत राहिली. पुढे कित्येक दशके अलास्कातल्या अनेक शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, आणि माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना घर सोडून दूरच्या वसतिगृहात जावे लागे. १९७६ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर शंभराहून अधिक लहान गावांत माध्यमिक वर्ग निघाले. बाहेरून येणारी शिक्षक कुटुंबे आता छोट्या विमानाने उतरतात, त्यांतली पुष्कळशी एक-दोन वर्षांतच परत जातात.

आपल्या देशाचा या हिवाळ्याशी संबंध अलीकडचा. गोव्यात वास्को येथे मुख्यालय असलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७९ अंशांवर सुरू झाले. तिथे सूर्य जवळजवळ चार महिने दिसत नाही, आणि मधल्या काळात दुपारीसुद्धा रात्रच असते. हिवाळी मुक्कामासाठी भारतीय शास्त्रज्ञांची पहिली तुकडी डिसेंबर २०२३ मध्ये गेली.

उत्कियाग्विकला जानेवारीअखेर सूर्य परत येतो. पण सर्वांत थंड महिना फेब्रुवारी, सरासरी शून्याखाली पंचवीस अंशांच्या आसपास. कारण येणाऱ्या उष्णतेपेक्षा जाणारी जास्त आहे तोवर तापमान उतरतच राहते. आपल्याकडेही दिवसाचे सर्वांत जास्त तापमान साडेबाराला नसते, दोन-तीनला असते. शाळेच्या ओसरीत तापमापक टांगून मुलांनी दर तासाची नोंद आठवडाभर ठेवली तर हा उशीर त्यांना वहीतच सापडेल.