गटाचा टॅब सांभाळताना



गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, हा नियम आपण पहिल्या दिवसापासून पाळतो. आता बऱ्याच गावांत दप्तर टॅबवर आलं आहे. बचत, कर्ज, परतफेड यांच्या नोंदी लोकॉस अ‍ॅपवर होतात. त्याच टॅबच्या गॅलरीत सगळ्यांच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे फोटोही पडून असतात. टॅब गेला तर दुसरा घेता येईल. पण हे फोटो भलत्याच्या हाती लागले, तर त्रास गटातल्या प्रत्येकीला होईल.

सुरक्षा अ‍ॅप काय करतं?

सुरक्षा अ‍ॅप म्हणजे दारावरचा राखणदार. टॅबमध्ये कोणतं अ‍ॅप येतंय ते तो बघतो आणि घातक दिसलं तर अडवतो. गुगल प्ले स्टोअर असलेल्या अँड्रॉइड टॅबमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ हा राखणदार आधीपासूनच असतो, त्याला पैसे पडत नाहीत. तो जागा आहे का, एवढं बघा:

१. प्ले स्टोअर उघडा. वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा.
२. यादीतलं ‘प्ले प्रोटेक्ट’ निवडा.
३. ‘स्कॅन’ दाबा. धोक्याचं अ‍ॅप सापडलं तर ते काढून टाका.

आणखी एक अ‍ॅप हवं असेल, तर सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘एम-कवच २’ आहे. ते प्ले स्टोअरवरूनच घ्या. दोन-तीन सुरक्षा अ‍ॅप एकदम टाकू नका, टॅब जड होतो. आणि ‘तुमच्या टॅबमध्ये व्हायरस आहे, लगेच इथे दाबा’ अशी जाहिरात मध्येच आली, तर तिला हात लावू नका. ती बंद करा.

दार आपणच उघडलं तर?

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, पीएम किसानची यादी येते, गाडीच्या दंडाचं चलन येतं. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. ते टाकलं की परवानग्या मागतं: मेसेज वाचू दे, फोनबुक बघू दे. आपण घाईत ‘हो, हो’ करत जातो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. पुढे तीच फाइल आपल्या नावाने गटातल्या बाकीच्यांनाही जाऊ शकते. म्हणून ओळखीच्या नंबरवरून आली तरी एपीके फाइल उघडायची नाही. आधी फोन करून विचारायचं. ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा, मग अ‍ॅप चालेल’ असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबा.

एवढं आजच करा

• टॅबला पिन लावा. १२३४ किंवा जन्मसाल नको. पिन टॅबच्या कव्हरवर लिहून ठेवू नका.
• आधार-पासबुकांचे फोटो काम झालं की गॅलरीतून काढा, ‘ट्रॅश’मधूनही काढा.
• गटाचा टॅब पोरांना गेम खेळायला देऊ नका.
• टॅबमध्ये गुगल खातं कोणाचं आहे ते बघा. पुष्कळदा ते दुकानदाराने किंवा कुणाच्या भाच्याने आपल्या नावाने सुरू करून दिलेलं असतं. टॅब हरवला की याच खात्यातून तो शोधता येतो. म्हणून खातं गटाच्या ताब्यातलं हवं.

टॅब हरवला तर

दुसऱ्या मोबाईलवर गुगलची शोध-सुविधा उघडा आणि गटाच्या खात्याने आत जा. टॅब चालू असेल आणि त्यात नेट असेल, तर तो कुठे आहे ते दिसतं, त्याची रिंग वाजवता येते, कुलूप लावता येतं. मिळण्याची आशा नसेल तर आतली माहिती पुसता येते. सिमकार्डाचा टॅब असेल तर सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत जोडून ‘संचार साथी’वर टॅब ब्लॉक करायला सांगा. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. तो खोक्यावर असतो. आजच वहीत उतरवून ठेवा.

खात्यातून पैसे गेले, तर आधी नेट बंद करा, मग लगेच १९३० या नंबरवर आणि बँकेला फोन करा. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं टॅबला द्या. पिन कोणाकोणाला माहीत आहे, गुगल खातं कोणाचं आहे, आयएमईआय कुठे लिहिलाय, या तीन गोष्टी ठरवा. कोणाकडे काय जबाबदारी ते ठरावाच्या वहीत लिहा, पण पिन मात्र वहीत लिहू नका.