फोंडाघाटची वाळू आणि बरणीवरची काच

फोंडाघाट म्हटलं की दाजीपूर-राधानगरीकडे चढणारी वळणं आठवतात. पण घाटाच्या पायथ्याशी, कणकवली तालुक्यातल्या फोंडा-कासार्डे पट्ट्यात, पांढऱ्या सिलिका वाळूचे साठे आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. ही वाळू ज्या कलादगी नावाच्या खडकांची, ते त्याहून कितीतरी जुने. आपल्या लोणच्याच्या बरणीवरची गुळगुळीत झिलईही मुख्यतः सिलिकेचीच असते. मातीच्या अंगावर वितळून तिथेच घट्ट झालेली ती काच!

पण वाळू सहजासहजी वितळत नाही. शुद्ध सिलिकेला सुमारे १,७०० अंश सेल्सिअसची आच लागते आणि बरणीची भट्टी जेमतेम १,२०० ते १,३०० अंशांपर्यंत जाते. म्हणून सिलिकेत सोडा, पोटॅश, चुना किंवा टाकणखार मिसळतात. मग ती बऱ्याच कमी आचेवर पाघळते. आता ती भांड्यावरून ओघळू नये म्हणून थोडी मातीही हवी, कारण मातीतल्या ॲल्युमिनामुळे काच दाट राहते. शिवाय निवताना भांडं आणि काच सारख्याच प्रमाणात आकसायला हवीत. काच जास्त आकसली, तर झिलईभर केसासारख्या भेगा पडतात.

रंगांची गंमत तर पाहत राहावी अशी. जयपूरच्या प्रसिद्ध निळ्या भांड्यांचा मुख्य घटक माती नसून गारेची पूड असतो; तीत काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक घालून गोळा मळतात. त्यावर नक्षी काढणाऱ्यासमोर दोन प्रकारची पूड असते, कोबाल्ट ऑक्साइड आणि तांब्याचं ऑक्साइड. दोन्ही काळपट! कोणती कुठे भरली हे हातानेच लक्षात ठेवायचं. सुमारे ८०० अंशांवर भाजून भांडं बाहेर आलं की एकीचा रंग गडद निळा झालेला असतो, दुसरीचा फिरोजी.

झिलईची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांतच राहिली, याचं कारण भट्टीत आहे. तापमापक नसताना ज्वाळेचा रंगच वाचावा लागे: तांबडा, नारिंगी, पिवळा. ही नजर वडिलांशेजारी बसूनच तयार होते. सिंधमधल्या हाला गावच्या कुंभारांची अशीच ख्याती होती. १८७० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातल्या जॉर्ज टेरी यांनी सिंधी कुंभारांची कला मुंबईत आणली. तिथल्या झिलईदार फुलदाण्यांवर पुढे अजिंठ्याची चित्रंही उमटली.

आपल्याकडच्या कुंभाराचा माठ मात्र बिनझिलईचा असतो आणि तसाच हवा. त्याच्या छिद्रांतून पाणी झिरपून वाऱ्यावर उडतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. काच चढवली तर हा गुणच जाईल. उलट लोणच्याचं मीठ, तेल आणि आंबट खार मातीत मुरू नये म्हणून बरणीला काच लागते.

मात्र काच पाघळवण्यासाठी काही ठिकाणी शिसंही वापरत, आणि आंबट पदार्थात ते उतरू शकतं. तेव्हा झिलईचं भांडं घेताना विक्रेत्याला जरूर विचारा, यात शिसं नाही ना? नक्की उत्तर मिळालं नाही, तर भांडं शोभेला ठेवा. लोणचं आणि दही त्यात घालू नका.