गोदेच्या दोन तीरांवरचे शेजारी

छत्रपती संभाजीनगराहून पुण्याच्या वाटेला लागलेला प्रवासी कायगांव आणि टोका या दोन गांवांच्या मध्यें गोदावरीचा पूल ओलांडतो. मोटारीला तो पार करण्यास फार वेळ लागत नाहीं. आणि तेवढ्या अवधींत आपण एक जुनी राज्यसीमा ओलांडली याची त्याला कल्पनाहि येत नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत या पात्राच्या उत्तरेचें कायगांव निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, आणि दक्षिणेकडील टोका हें गांव मुंबई इलाख्याच्या अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत होतें. वैजापूरच्या बाजूपासून पैठणच्या बाजूपर्यंत बऱ्याच अंतरापर्यंत नदी हीच दोन अमलांमधली हद्द होती. इंग्रज गेले, संस्थान गेलें, हद्द केवळ जिल्ह्याची उरली. परंतु दोन तीरांवरच्या लोकांच्या मनांत एकमेकांविषयीं जें कांहीं साठलें होतें तें सर्वच वाहून गेलें असें मात्र म्हणतां येत नाहीं.

मुळांत हे शेजारी परके नव्हते. भाषा एक, देव एक, पीकपाणी बहुतेक सारखें. त्या तीराच्या बाजूस प्रवरेकांठीं नेवासें आहे, जेथें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. या तीरावर पैठण आहे, जेथें एकनाथमहाराज होऊन गेले. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांच्या यात्रेसाठीं दोन्ही अंगांनीं दिंड्या येत आल्या. नेवासें तालुक्यांतली लेक गंगापूर तालुक्यांत दिली जाई, आणि वैजापूरच्या घरांतली सून कोपरगांवाहून येई. म्हणूनच पुढें जे ताण निर्माण झाले ते दोन परक्यांमधले नसून भाऊबंदकीच्या जातीचे होते. आणि भाऊबंदकीचा राग परक्याच्या रागापेक्षां अधिक काळ टिकतो, हा अनुभव कोणत्या खेड्यांत नाहीं?

हद्दीनें पहिला भेद पाडला तो रोजच्या व्यवहारांत. निजामाच्या मुलखांत हाली सिक्का चाले; ब्रिटिश सहा रुपयांस हाली सुमारें सात रुपये, असा भाव असे. बाजाराचा माल नदीपार नेतांना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. टपालाचीं तिकिटें निराळीं, कचेरीची भाषा निराळी. तिकडे मामलेदार तर इकडे तहसीलदार. तिकडे सर्कल तर इकडे गिरदावर. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें आणि वरचें सगळें शिक्षण उर्दूंतून होऊं लागलें. ज्या मुलाच्या घरीं ओव्या म्हटल्या जात, त्याला गणित आणि इतिहास परक्या लिपींतून शिकावा लागे. परिणामीं या तीरावरच्या माणसाच्या मराठींत उर्दू शब्द सहज मिसळले, आणि पलीकडच्या आप्तांना ते ऐकून हंसूं येऊं लागलें.

नगरकडच्या माणसाच्या तोंडीं या मुलखाचें नांव ‘मोगलाई’ असें होतें. शब्द मूळचा मोगलांच्या अमलाचा वाचक. तो निजामाच्या मुलखाला चिकटला आणि पुढें एवढा रुळला कीं कोठेंहि अंदाधुंदी दिसली कीं ‘ही काय मोगलाई आहे?’ असें विचारण्याची रीतच मराठींत पडून गेली. ज्या प्रांताच्या नांवाचाच असा वाक्प्रचार होतो, तेथील रहिवाशाला तो ऐकतांना काय वाटत असेल, याचा विचार बोलणाऱ्यानें बहुधा केलेला नसतो. उलट या तीरावरचा शेतकरी पलीकडच्याला ‘इंग्रजी मुलखांतला’ म्हणे. त्यांत आदर होता, तशी थोडी चीडहि होती: पलीकडचा हिशेबी, कायदा जाणणारा, आणि सोयरीक जुळवितांनाहि स्वतःस एक पायरी वर समजणारा, असा त्याचा समज असे.

रेल्वेनेंहि हाच भेद वेगळ्या रीतीनें दाखविला. १९०० सालीं मनमाडाहून औरंगाबादमार्गें हैदराबादेकडे जो लोहमार्ग सुरू झाला, तो अरुंद रुळांचा होता. मनमाडास मुंबईच्या गाडींतून उतरून दुसऱ्या गाडींत बसावें लागे, आणि मालहि उतरवून पुन्हा भरावा लागे. हे रूळ रुंद व्हावयास विसाव्या शतकाचें शेवटचें दशक उजाडावें लागलें. राज्याची सीमा पुसली गेल्यावरहि रुळांची सीमा सुमारें चार दशकें जिवंत राहिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु याच हद्दीचा एक उपकारहि विसरतां येत नाहीं. हैदराबाद संस्थानांत सभा भरविण्यावर कडक निर्बंध होते. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूरला भरलें खरें, परंतु मोकळेपणानें बोलावयाचें व छापावयाचें तर नदीपलीकडे जावें लागे. १९४७ च्या ऑगस्टपासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या रझाकारी काळांत तर हजारों कुटुंबें हद्द ओलांडून स्वतंत्र भारतांत आलीं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं लढणाऱ्या स्टेट कॉंग्रेसच्या कार्यकर्त्यांनीं सीमेवर छावण्या उभारल्या. ज्या तीरानें मोगलाई म्हणून हिणवलें, त्याच तीरानें आपलीं घरें उघडीं केलीं. शेजाऱ्याच्या वागणुकीचा हिशेब मांडतांना जमेची ही बाजू मराठवाड्यांतले लोक क्वचित् मांडतात, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

पुढें भाषावार प्रांतरचना झाली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत मागासलेल्या भागांना खर्च, नोकऱ्या आणि उच्च शिक्षण यांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा देण्याचें आश्वासन होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. आम्ही कोणतीहि अट न घालतां आलों, असें मराठवाड्यांत आजहि अभिमानानें व थोड्या विषादानें सांगतात. १९८४ सालीं दांडेकर समितीनें विभागाविभागांतील तफावत आंकड्यांत मांडली, आणि ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्याच्या राजकारणांत कायमचा आला. १९९४ सालीं विकास मंडळें नेमलीं गेलीं. त्यांची मुदत २०२० सालीं संपली.

आतां जुन्या सीमेची जागा पाण्यानें घेतली होती. इंग्रजी अमलांत गोदावरीच्या वरच्या खोऱ्यांत दारणा धरण १९१६ च्या सुमारास आणि प्रवरेवरील भंडारदरा १९२६ सालीं पुरें झालें. कालव्यांवर ऊंस उभा राहिला, उंसावर साखर कारखाने उभे राहिले, आणि लोणीच्या सहकारी कारखान्यानें १९५० च्या सुमारास एका नव्या युगाचा आरंभ केला. या कर्तबगारीचें श्रेय त्या शेतकऱ्यांना दिलेंच पाहिजे. त्याच काळांत खालच्या मुलखाचें काय झालें? निजामानें १९३१ सालीं निझामसागर बांधला. पण तो मांजरेवर, थेट तेलंगणांत. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यांत, आणि तिचें पाणी अडलें निझामाबादेस. तेव्हां मराठवाड्यास पाणी न मिळण्याचा सगळा दोष पलीकडच्या शेजाऱ्याच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. घरच्या सरकारनेंहि त्यांत हात लावला होता.

जायकवाडीची योजना हैदराबादच्या काळांत निघाली तेव्हां धरण बीड जिल्ह्यांतील जायकवाडी गांवीं व्हावयाचें होतें. पुढें जागा पैठणास सरकली, नांव मात्र जुनेंच राहिलें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्रींच्या हस्तें कोनशिला बसली, शंकरराव चव्हाणांनीं तें काम नेटानें पुढें रेटलें, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधींनीं उद्घाटन केलें. सुमारें दहा किलोमीटर लांबीचा हा मातीचा बांध जवळजवळ १०३ टी.एम.सी. पाणी धरूं शकतो, एक टी.एम.सी. म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यांतील वापरण्यास योग्य साठा सुमारें ७६ टी.एम.सी. आहे. मात्र वरच्या खोऱ्यांत नाशिक व नगर जिल्ह्यांत एकामागून एक धरणें होत गेल्यामुळें पुष्कळ वर्षीं हा सागर अर्धाहि भरत नसे. त्या वर्षीं खालच्या तीरावरचा माणूस वर पाहून म्हणे, ‘त्यांनीं अडविलें’. आणि वरचा खालीं पाहून म्हणे, ‘त्यांना पाणी वापरतां येत नाहीं.’

शेजाऱ्यांमधला असा तंटा गोदाकांठींच उद्भवला असें नाहीं. कॅनडा आणि अमेरिका हीं जगांतलीं सर्वांत लांब हद्दीचीं शेजारी राष्ट्रें. त्यांच्या सीमेवर सेंट मेरी आणि मिल्क या दोन नद्या आहेत. पहिली अमेरिकेंतील मोंटाना राज्यांत उगम पावून कॅनडांत जाते. दुसरी मोंटानांत उगम पावून कॅनडांत शिरते आणि पुन्हा मोंटानांत परतते. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेनें पहिलीचें पाणी कालव्यानें दुसरींत सोडावयाचें ठरविलें. कॅनडाच्या लोकांनीं मग दुसऱ्या नदीवर, ती आपल्या हद्दींतून जाते तेथें, असा कालवा खणला कीं अमेरिकेचें पाणी मध्येंच काढून घेतां यावें. लोक त्याला चिडीचा कालवा म्हणत. चीड फळाला आली ती वेगळ्या रीतीनें: १९०९ सालीं तह झाला, दोन्ही राष्ट्रांचे तीन-तीन सभासद असलेला आयोग नेमला गेला, आणि दोन्ही नद्यांचें पाणी एकत्र मोजून निम्में-निम्में वांटावें असें ठरलें. १९२१ च्या आदेशानें वांटणीची तपशीलवार रीत ठरली. मोंटानाचे लोक त्यावरहि कुरकुरत राहिले, आणि २००३ सालीं त्यांनीं फेरविचार मागितला. पण कुरकुर आयोगापुढें झाली.

या दोन राष्ट्रांविषयीं एक गोष्ट नेहमीं सांगितली जाते. कॅनडाचा माणूस अमेरिकेच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष ठेवतो; अमेरिकेच्या माणसाला मात्र कॅनडाची आठवण क्वचित् होते. २०२५ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं कॅनडा हें एक्कावन्नावें राज्य व्हावें असें बोलून दाखविलें, तें पुष्कळ अमेरिकनांना चेष्टेचें वाटलें असेल. कॅनडांत मात्र दुकानांतून अमेरिकन माल वगळला जाऊं लागला. गोदेच्या तीरांचें नातें कांहींसें असेंच आहे. मराठवाड्यांत पुणें, नगर, नाशिक यांची चर्चा रोज होते. तिकडे मराठवाडा आठवतो तो दुष्काळाच्या बातमीपुरता. जो विसरतो त्याला वाद दिसत नाहीं, आणि ज्याला विसरलें जातें त्याला वादावांचून दुसरें कांहीं दिसेनासें होतें.

महाराष्ट्रांत मोजमापाचा कायदा आला २००५ सालीं. जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या त्या कायद्यांत असें आहे कीं, टंचाईचा भार सर्वांनीं सारखा उचलावा म्हणून ऑक्टोबरअखेर खोऱ्यांतील सर्व धरणांत उपयुक्त पाण्याचा टक्का जवळजवळ सारखा राहील अशी व्यवस्था करावी. प्रत्यक्षांत बरींच वर्षें हें कागदावर राहिलें. मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून १९ सप्टेंबर २०१४ रोजीं प्राधिकरणानें ठरविलें कीं, जायकवाडींतील साठा पासष्ट टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावें. वरच्या लोकांनीं न्यायालय गांठलें, आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तत्त्व कायम केलें. २०२३ सालीं सुमारें ८.६ टी.एम.सी. पाणी सोडण्याचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयानें स्थगिती नाकारल्यावर नोव्हेंबरअखेर तें पाणी निघालें. तें वाहत असतांना वाटेंतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नदीकांठच्या पंपांची वीज तोडावी लागते आणि पोलिसांचे पहारे बसतात. पुष्कळसें पाणी वाळूच्या पात्रांत जिरून जातें, हा वरच्यांचा आक्षेप खोटा नाहीं.

त्यांचा दुसरा आक्षेपहि ऐकण्यासारखा आहे. जायकवाडीच्या कालव्यांवरहि ऊंस आहेच. आणि शहराच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत, ज्यांचें पाणी २०१६ च्या उन्हाळ्यांत उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला निम्म्यावर आणावें लागलें. तहान सांगून पाणी मागावयाचें आणि तें उंसाला घालावयाचें, हें बोलणें वरच्या माणसाला खुपत असेल तर नवल नाहीं. पण यावर उपाय खालच्या वापराची शिस्त हा आहे. वरचा दरवाजा बंद ठेवणें हा नव्हे. पासष्टचा टक्का उतरवावा अशी शिफारस एका अभ्यासगटानें केली, तेव्हां मराठवाड्यांत संताप उसळला तो केवळ कांहीं टी.एम.सी.साठीं नव्हे. मोजून दिलेला शब्दहि बदलतां येतो, अशी शंका त्यामागें होती.

२०२५ च्या सप्टेंबरांत मात्र सगळेंच उलट झालें. मराठवाड्यांत आणि वरच्या खोऱ्यांत एकाच वेळीं असा पाऊस कोसळला कीं जायकवाडी भरून दरवाजे उघडावे लागले, आणि पैठणच्या खालच्या कांठावरील कितीतरी कुटुंबांना घरें सोडून उंचावर जावें लागलें. दोन वर्षांपूर्वीं वरून पाणी सोडा म्हणणारे लोक त्या आठवड्यांत वरच्या धरणांतून किती पाणी सुटलें याचे आंकडे तासातासाला विचारीत होते.