सीसीटीव्ही बसवताना स्क्रू हातातून का निसटतो? अडचणीच्या जागेत तो नीट बसवायचा कसा?

शिडीच्या वरच्या पायरीवर माणूस उभा. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू चक्क ओठांत धरलेले. दोन स्क्रू बसतात. तिसरा टोकावरून निसटतो, छज्ज्यावर टण्ण आवाज होतो आणि स्क्रू गायब. खालून कुणीतरी सांगतं, "राहू दे, दोनवर धरलाय ना!"

घोळ होतो तो इथेच. दोन स्क्रूंवरचा कॅमेरा पहिल्या दिवशी अगदी ठीक दिसतो. मात्र वारा, पाऊस आणि शेजारच्या शटरचे रोजचे हादरे खाऊन तो हळूहळू मान टाकतो. दरवाजाऐवजी पायऱ्या दिसू लागतात. हे लक्षात येतं कधी? चोरी झाल्यावर, फुटेज बघायला बसल्यावर!

मुळात स्क्रू निसटतो का?

दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, तर खाचेचा आणि टोकाचा असतो. फुलीच्या आकाराची खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी बाजारात आणले. या खाचेच्या भिंती आत निमुळत्या होत जातात. त्यामुळे ड्रायव्हर जोरात दाबून धरला नाही, तर फिरवताना त्याचं टोक आपोआप वर सरकतं आणि बाहेर येतं. डोक्याच्या वर हात करून, भिंतीच्या कोपऱ्यात तेवढा दाब देता येत नाही.

दुसरं कारण मापाचं. घरातला नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर सहसा पीएच २ मापाचा असतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रूंना बरेचदा पीएच १ किंवा पीएच ० लागतो. शिडी चढण्याआधीच टोक खाचेत ठेवून पाहा. ते डुलत असेल, तर माप चुकलं. डोम कॅमेऱ्याच्या झाकणाला अनेकदा मध्ये खुंटी असलेला 'स्टार' स्क्रू असतो. कुणी सहज उघडू नये म्हणून तो तसा केलेला असतो. त्याची चावी बहुधा खोक्यातच मिळते, त्यामुळे खोकं लगेच फेकू नका.

चुंबक लावला तरी स्क्रू चिकटत नाही?

ड्रायव्हरच्या टोकाला चुंबक असला की काम सोपं होतं. साध्या लोखंडी स्क्रूला तो लगेच धरतो. पण बाहेर लावायच्या कॅमेऱ्यांसोबत अनेकदा गंज न लागणारे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू येतात आणि ३०४ सारख्या प्रतीचं स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. अशा वेळी हे उपाय करून पाहा:

• चिकटपट्टी: पट्टीतून स्क्रू आरपार घाला. चिकट बाजू स्क्रूच्या डोक्याकडे ठेवा आणि दोन्ही टोकं वर घेऊन ड्रायव्हरच्या दांड्याला चिकटवा. दोन-तीन आटे धरले की पट्टी ओढून काढा.
• व्हॅसलिन किंवा ग्रीस: टोकाला अगदी चिमूटभर लावलं तरी हलका स्क्रू टिकून राहतो. फक्त ते काचेला किंवा लेन्सला लागू देऊ नका.
• लांब चिमटा: बोटं जात नाहीत तिथे स्क्रू छिद्राच्या तोंडाशी नेऊन ठेवायला उपयोगी.

मेमरी कार्डजवळ चुंबक नेला तर रेकॉर्डिंग पुसलं जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. या कार्डातली माहिती चुंबकीय पद्धतीने साठवलेली नसते. त्यामुळे ड्रायव्हरच्या चुंबकाने तिला काही होत नाही.

आधी उलटा फिरवा!

जुने मिस्त्री न चुकता करतात अशी ही गोष्ट. स्क्रू छिद्रावर ठेवल्यावर आधी हलक्या हाताने उलट्या दिशेने फिरवायचा. एका जागी तो 'टक' करून किंचित खाली बसतो. म्हणजे आट्याला आटा जुळला. आता सरळ फिरवायचा. प्लास्टिकच्या बॉक्समध्ये तर हे हवंच. तिथे स्क्रू तिरका घुसला की तो नवे आटे पाडतो आणि मग कितीही फिरवला तरी पकड घेत नाही.

क्रम चुकला की जागा अडचणीची होते

बुलेट कॅमेऱ्याच्या बुडाला साधारण तीन स्क्रू असतात आणि कॅमेऱ्याचं नळकांडं त्यांच्याच वाटेत येतं. सांधा सैल करून नळकांडं एका बाजूला झुकवा, मोकळे झालेले स्क्रू लावा, मग दुसऱ्या बाजूला झुकवून उरलेला लावा. वर छत जवळ असेल, तर आखूड दांड्याचा ड्रायव्हर घ्या.

कुठलाही स्क्रू पहिल्याच फटक्यात पूर्ण आवळू नका. आधी सगळे अर्धवट बसवा आणि मग आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करा. एकच आवळला तर बूड तिरकं बसतं आणि बाकीची छिद्रं जुळत नाहीत.

मेमरी कार्डाची छोटी झाकणी शक्यतो खाली, टेबलावरच उघडा. कार्ड घाला, झाकणी लावा आणि मगच कॅमेरा वर न्या. त्या झाकणीखाली रबराची पट्टी असते. खोक्यावरचं आयपी ६६ म्हणजे धूळ आणि पाण्याचे जोरदार फवारे यांपासून संरक्षण. पण झाकणीचा एक स्क्रू राहिला किंवा रबर दुमडलं, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत जाऊ शकतं.

पडलाच तर?

कामाच्या खाली जुनी चादर अंथरा किंवा छत्री उघडून उलटी टांगा. पडलेला स्क्रू तिथेच सापडेल. स्क्रू तोंडात मात्र कधीच धरू नका. दचकून श्वास घेतला तर तो घशात जाऊ शकतो. वरच्या खिशात किंवा झाकणाच्या डबीत ठेवा. निसटलेला स्क्रू पकडायला शिडीवरून झेपावू नका आणि शिडी धरायला खाली एक माणूस हवाच.

कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागत असले, तरी त्याच्या पॉवर सप्लायच्या पेटीत घरातली २३० व्होल्टची वीज येते. त्या पेटीजवळ काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. स्क्रू आत पडला, तर तो बाहेर काढल्याशिवाय वीज चालू करू नका.

हरवलेल्या स्क्रूऐवजी हाती लागेल तो लावणंही महागात पडतं. लांब स्क्रू आतल्या सर्किटपर्यंत पोहोचू शकतो. उरलेल्यांपैकी एक स्क्रू नमुना म्हणून हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि त्याच जाडीचा, त्याच लांबीचा घ्या.

शिडीवरून उतरण्याआधी एकच करा. स्क्रू मोजा आणि कॅमेरा हाताने हलवून बघा. तो हलला, तर काम अजून संपलेलं नाही.