कर्मचारी अभिलेख, साखर कारखान्यातील
कामगारांची नेमणूक, हजेरी, वेतन, रजा व निवृत्ती यांच्या नोंदी ठेवण्याचे कामकाज. कारखान्यात त्याच्या कार्यालयास ‘टाइम ऑफिस’ म्हणतात. शिराळा तालुक्यातील (सांगली जिल्हा) चिखली येथील विश्वासराव नाईक सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांत गाळप वर्षातील काही महिनेच चालते; त्यामुळे कायम कामगारांबरोबर हंगामी कामगारांचा मोठा वर्ग असतो. हंगामारंभी त्यांना परत बोलाविणे, पाळ्या लावणे, गाळप संपताच हिशेब करणे व बंद काळातील रिटेन्शन भत्ता आकारणे ही कामे या कार्यालयाकडे असतात.

हे काम वरकरणी कारकुनी वाटते. प्रत्यक्षात कामगाराचे म्हातारपण त्यावर अवलंबून असते. १९७२ च्या उपदान अधिनियमाने हंगामी कामगारास प्रत्येक हंगामासाठी सात दिवसांचे वेतन देय ठरविले; परंतु कारखाना जितके दिवस चालला, त्यांपैकी किमान ७५ टक्के दिवस काम केल्यासच तो हंगाम अखंड सेवेत धरण्याची तरतूद होती. पाळी बदलताना राहिलेल्या खुणा किंवा चुकीची जन्मतारीख बहुधा निवृत्तीच्या वेळीच उघडकीस येते आणि तेव्हा हजेरीपटाखेरीज दुसरा पुरावा क्वचितच उरलेला असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. तक्रार ऐकताना त्यालाही याच पटाचा आधार घ्यावा लागे. नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही अधिनियमांची जागा कामगार संहितांनी घेतली.

ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन येतात. त्यांची नावे या पटावर सहसा नसतात. नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते.